माझ्या दशक्रियेला माईक लावू नये

मी, भागवत सखाराम फुंदे, वय एकोणसत्तर, कॉलेजचा निवृत्त फुटबॉल प्रशिक्षक, राहणार केडगाव, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय, रागात पण पूर्ण शुद्धीत लिहून ठेवतो. डॉक्टरांनी तपासले आहे. शुगर वाढली आहे, डोके ठिकाणावर आहे.

१. केडगावचे राहते घर माझ्या स्वकष्टाचे आहे. माझ्या पश्चात पत्नी लंकाबाई हयात असेपर्यंत तिथेच राहील. मालकी मात्र सुकन्या गर्जे हिची. ती माझ्या संघाची गोलकीपर होती, आता शाळेत खेळ शिकवते. उद्या कोणी वाटेल ते बोलू नये म्हणून कारण लिहितो. माझ्या संघातल्या निम्म्या मुली पाथर्डीकडच्या, ऊसतोड कामगारांच्या. आमचे सामने दिवाळीनंतर आणि टोळ्याही तेव्हाच निघतात. मुकादम नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता धरतो, म्हणून निघण्याआधी मुलीचे लग्न उरकून टाकतात. सुकन्याचेही ठरले होते. मी तिच्या वडिलांशी भांडलो, तर ते म्हणाले, "सर, पोरगी लई खेळती, मान्य हाय. पन आमी कारखान्यावर गेल्यावर तिला ठिवायची कुठं?" माझ्याबरोबर आलेली लंकाबाई म्हणाली, "आमच्यात ठिवा. माझ्याजवळ झोपंल." तेव्हापासून दर हंगामाला आमच्या घरी मुली राहिल्या. सुकन्याला अट एकच. दिवाळी ते गुढीपाडवा हे घर अशा मुलींना उघडे असावे.

२. कॉलेजच्या मैदानावरचे दोन्ही गोलपोस्ट माझे आहेत. वेल्डरच्या डोक्यावर उभा राहून मी ते करून घेतले. मैदानातले दगड मुलींनी वेचले. संस्थेचे सचिव काकासाहेब यांनी तिथे लग्नाचे लॉन्स काढले, फुटबॉल बंद केला आणि गोलपोस्ट ठेवले दिव्यांच्या माळा टांगायला. सुकन्याने ते काढून आणावेत. लग्न चालू असले तरी थांबू नये.

३. काकासाहेब तालुक्यातली एकही दशक्रिया सोडत नाहीत. पिंडाला कावळा शिवायच्या आत माईक त्यांच्या हातात असतो. माझ्याही वेळी येतील, मला क्रीडामहर्षी म्हणतील, रडतीलसुद्धा. ज्याने मैदान खाल्ले त्याने माझे गुण गायलेले मला चालणार नाहीत. म्हणून माईकच लावू नये. कोणी आणलाच तर लंकाबाईने बंद करावा. "बघतेच कोन बोलतंय," असे ती आत्ताच म्हणाली आहे.

४. शिट्टी, जाळ्या, चेंडू मुलींचे. संस्थेने सत्कारात दिलेल्या शाली कोणीही न्याव्यात. त्यांनी फरशीसुद्धा धड पुसली जात नाही, मी पाहिले आहे.

५. मुलगा श्रीमंत यास मी काहीही देत नाही. लॉन्सचा ठराव झाला त्याच महिन्यात तो संस्थेत कायम झाला. मैदान जाणार हे त्याला आधीपासून ठाऊक होते. रोज माझ्या शेजारी बसून जेवत होता आणि एक शब्द बोलला नाही. ते मला फार लागले, अजून लागते. आता त्याला हे घर बिल्डरला द्यायचे आहे. "परक्या पोरींना घर? दादा, तुमचं डोकं फिरलंय," असे मला तोंडावर म्हणाला. पाहुण्यारावळ्यांतही हेच सांगत फिरतो. उद्या कोर्टातही हेच सांगेल.

६. वकील म्हणाले, ज्याला यातून काही मिळत नाही असा माणूस साक्षीदार घ्या. असा माणूस माझ्या घरातच आहे. श्रीमंतला मी हे सगळे वाचायला देणार आहे, त्याच्या आईसमोर. त्याने सही केली, तर बाप शुद्धीत होता हे त्याने स्वतः लिहून दिले असे होईल आणि मुलींच्या घराला त्याला पुढे हात लावता येणार नाही. करायची नसेल, तर का नाही ते त्याने आईकडे बघून सांगावे.

वरील सर्व माझ्या मनाप्रमाणे आहे. यात बदल करायला मला कोणी विनवू नये.

केडगाव, अहिल्यानगर
दि. ९ नोव्हेंबर २०२५

(सही) भागवत सखाराम फुंदे

साक्षीदार : लिहून ठेवणार पूर्ण शुद्धीत असून त्यांनी आमच्यासमोर सही केली.

१) (सही) डॉ. गहिनीनाथ बडे

२) (सही) श्रीमंत भागवत फुंदे, मुलगा