गुरूवरचा ठिपका

गुरुवार, १२ नोव्हेंबर

प्रिय बारक्या,

अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे ठीक. बाबांचा गुडघा बरा आहे. जिना चढतात आणि वर गेल्यावर कशाला आलो ते विसरतात. स्वयंपाकघरातला नळ अजून ठिबकतोय. तू 'येऊन बघतो' म्हणाला होतास, म्हणून दुसऱ्या कुणाला बोलावलं नाही.

शनिवारी तुमच्या वेधशाळेत बरीच गर्दी होणार म्हणे. आपल्या कोडच्या लायब्ररीची नवी आवृत्ती तू लोकांना दाखवणार: पडद्यावर आपलं गणित, शेजारी दुर्बिणीत खरा गुरू. 'आपलं' म्हणते अजून. सवय जात नाही.

तू कॉलेजात असताना जेवणाच्या टेबलावर आपण ती लिहायला घेतली. ग्रह कधी कुठे असेल ते सांगणारा कोड, कुणीही फुकट वापरावा, सुधारावा. नियम एकच: एकाने लिहायचं, दुसऱ्याने तपासायचं, होकाराशिवाय काही आत जायचं नाही. आणि आता तुझ्या तोंडी सारखा आपल्यात कोड लिहायला आलेला तो नवा भिडू. 'ताई, त्याचा कोड बघ, हिरा आहे हिरा!' मला कधी साधी गारगोटी तरी म्हणालास का रे? म्हटलं, नव्याचे नऊ दिवस. पण तुझे नऊ दिवस वर्षभर चाललेत.

त्याने लिहिलेला गुरूच्या चंद्रांचा भाग मागच्या आठवड्यात तू मला तपासायला पाठवलास. मी 'छान' लिहून होकार दिला. तू लिहिलंस, 'ताई एका शब्दात खूश? नवलच!'

नवल नव्हतं. मला पहिल्याच वाचनात दिसलं होतं. गुरूवरून प्रकाश इथे यायला चाळीसेक मिनिटं लागतात, ती हा पठ्ठ्या धरायलाच विसरलाय. म्हणजे शनिवारी पडद्यावर गुरूच्या चंद्राची सावली त्याच्यावर ठिपक्यासारखी चाळीस मिनिटं आधीच उमटणार, आणि दुर्बिणीत तेव्हा काहीच नसणार. रांगेतली पोरं विचारणार, 'काका, कुठाय?' मला त्याचं तोंड तेव्हा बघायचं होतं. आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. जळते मी त्याच्यावर. लिहिलं एकदाचं.

पण काल भांडी घासताना ध्यानात आलं, दुर्बिणीपाशी तू उभा असणार. 'काका' तुलाच म्हणणार. तू घाबरून फोन करशील, 'ताई, बघ ना काय झालं!' आणि मी काही ठाऊक नसल्यासारखं बघायचं?

सकाळी होकार मागे घेतला, दुरुस्ती पाठवली. चारच ओळी आहेत. नियमाप्रमाणे कुणीतरी तपासायला हव्यात, तू तपास. त्याला देऊ नकोस. बाकीचा कोड, मेल्याचा, खरंच सुरेख आहे. माझ्याने तसा झाला नसता, तेच तर दुखतं.

फोनवर सांगितलं असतं, पण तू मध्येच हसतोस आणि मी विरघळते. मी मुद्दाम होकार दिला, हे त्याला सांगू नकोस. चूक ताईने पकडली, एवढं मात्र न विसरता सांग.

शनिवार पार पडला की नळ बघायला ये. एकटा ये.

तुझी पहिली तपासनीस,
ताई