अकरा महिन्यांचं पाकीट

१४ मार्च

प्रिय चिमे,

अनेक आशीर्वाद. मी बरा आहे. गुडघा कुरकुरतो, पण एक्स-रे खात्यातलं काम अजून उभ्यानेच होतं.

बाळाच्या डोक्याची फिल्म मंगळवारी मिळाली. आधी उत्तर सांगतो: हाड मोडलेलं नाही. तुमच्याकडे ज्या रेघेला तडा म्हणाले, तो सांधा आहे. वाढत्या मुलाच्या कवटीची हाडं पुरती जुळलेली नसतात, मेंदूला वाढायला जागा लागते. ही रेघ नागमोडी आहे आणि डोक्याच्या मागे दोन्ही बाजूंना सारखीच आहे. आमचे डॉक्टर म्हणाले, "पडून मोडणाऱ्या हाडाला एवढी शिस्त नसते हो." त्यांनी लिहून दिलेला कागद सोबत आहे. पडून दहा दिवस झाले, बाळ खातंय, रांगतंय, मग आणखी काय हवं?

तेव्हा बाबांशी बोल. बाळ त्यांच्या मांडीवरून घसरलं हे खरं, पण त्यांनी त्याचं डोकं फोडलेलं नाही. परवा फोनवर म्हणाले, "चिमी काही बोलत नाही रे. फक्त बाळाला उचलून आत नेते. मी आपला लांबूनच बघतो." मला ते ऐकवेना.

एक सांगायचं राहिलंय. डॉक्टरांकडे नेण्याआधी मी फिल्म घरी पडताळून पाहिली.

आमच्या खात्यात मी फोटो काढायचो आणि तुझी वहिनी ते वाचायची. धडधाकट मुलांच्या जादा फिल्म ती वयाप्रमाणे पाकिटांत घालून घरच्या कपाटात ठेवायची. "आजारी डोकी सगळेच जपतात," म्हणायची, "चांगली कुणी जपत नाही." गेल्या वर्षी तू आठवण म्हणून तिची निळी शाल मागितलीस, तेव्हा मी कपाटाची किल्ली हरवली म्हणालो. किल्ली माझ्या खिशातच होती. तुझी वहिनी गेल्यापासून मी ते कपाट उघडलं नव्हतं.

मंगळवारी उघडलं. बाळाच्याच वयाच्या, अकरा महिन्यांच्या पाकिटात अगदी अशीच रेघ असलेली फिल्म निघाली. वर तिच्या अक्षरात लिहिलं होतं: 'ही रेघ दाखवून आईबापांना घाबरवू नये.' मी जरा वेळ खुर्चीवर बसलो. मग दोन्ही फिल्म खिडकीच्या काचेला लावल्या. शंका उरली नाही.

शाल पाठवतोय. बाळाला तिच्यात गुंडाळ आणि बाबांच्या मांडीवर दे.

किल्ली आता कपाटालाच असते.

तुझा,
दादा