बाविसाव्या पायरीचा काही दोष नाही

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
इमारत देखभाल विभाग, नगरपालिका.

विषय : मनोऱ्याचा जिना न पाडणे व बाविसाव्या पायरीवरील ठपका काढून घेणे याबाबत.
संदर्भ : आपले दिनांक ११ चे पत्र.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय सादर करते की, मनोऱ्यातील घड्याळाला चावी देण्याचे काम मी गेली एकोणीस वर्षे करीत आहे. आठवड्यातून दोनदा चौऱ्याण्णव पायऱ्या चढते. घड्याळ कधी बंद पडू दिलेले नाही.

१. गेल्या महिन्यात घरी ओट्यापाशी भांडी पुसत असताना माझ्या उजव्या गुडघ्यात एकाएकी असह्य कळ आली. पडले नाही, आपटले नाही, पाय मुरगळलाही नाही. डॉक्टरांनी फोटो काढला आणि गुडघ्यातील हाडाचा वाटाण्याएवढा भाग रक्त न पोचल्याने मेला आहे, असे सांगितले. कशाने, असे विचारता म्हणाले, आपोआप. या वयात होते असे कधीकधी. सहा आठवडे पायावर भार टाकायचा नाही, असे लिहून दिले.

२. रजेच्या अर्जात 'इजा कशी झाली' असा रकाना आहे. त्यात मी 'आपोआप' लिहिले. आपल्या वरिष्ठ लिपिकांनी अर्ज तीनदा परत केला. अहो बाई, काही घडल्याशिवाय हाड मरेल कशाला, असे त्यांचे म्हणणे. चौथ्या खेपेला मी वैतागून 'जिन्यात पडले' असे लिहिले. कोणत्या पायरीवर, तेही विचारले होते. मी आपले ठोकून दिले, बाविसाव्या. रजा दहा मिनिटांत मंजूर झाली.

३. त्यानंतर समिती आली. तिने बाविसावी पायरी मोजली, ती एकविसावीपेक्षा अर्धे बोट कमी भरली, आणि जिन्याला सील लागले. माझ्या बदली नेमलेले पंपचालक खालीच अडकले, घड्याळ चार वाजून सतरा मिनिटांनी थांबले, आणि आता येत्या सोमवारी जिना पाडून घड्याळ उतरवायचे, असे आपले पत्र आहे. महोदय, ते वाचून आधी मला हसू आवरेना, मग रडू आवरेना.

त्या पायरीवर मी दर खेपेला दम खायला बसते. तिने माझे काहीही वाकडे केलेले नाही. माझे यजमान शिंपी आहेत. खोटे लिहू नकोस, अंगाशी येईल, असे ते तेव्हाच म्हणाले होते, आणि हल्ली घरात फार ताठ मानेने वावरतात.

खोटे लिहिल्याबद्दल होईल ती शिक्षा मला करावी, पायरीला नको. काल डॉक्टरांनी नवा फोटो पाहिला. हाड भरून येत आहे, पुढच्या महिन्यापासून बेताबेताने जिना चढा, म्हणाले. मला इतका आनंद झाला की कुबडी तिथेच विसरून मी दारापर्यंत गेले. नर्सबाईंनी ओरडून मागे बोलावले. आता चढायला जिनाच उरला नाही, तर हा बरा झालेला गुडघा घेऊन मी करू काय, एवढे कृपया लेखी कळवावे.

आपली, चूक पूर्ण कबूल असलेली,
(सही)
घड्याळाला चावी देणारी
दिनांक : १९

सोबत :
१. गुडघ्याचे दोन्ही फोटो
२. मी त्या वेळी घरीच होते, असा यजमानांचा जबाब (न मागता दिलेला, चार पाने)