जबाबदार माणसाची झोप

ती. ताईस,

दमलेल्या धाकट्याचा, कंबर परवानगी देईल तितका वाकून नमस्कार. भावोजींचा गुडघा काय म्हणतोय? (जिने चढू नका म्हणावं. ऐकणार नाहीत, पण म्हणावं.) माझं बरं आहे, म्हणजे अजून उभा आहे.

आमच्या गाद्यांच्या कंपनीत तक्रारींना उत्तरं द्यायचं काम माझं, हे तुला ठाऊक आहेच. साहेबांनी हल्ली त्यासाठी एआय आणलाय. तो दिवसभराचं काम चहा निवायच्या आत उरकतो. पण साहेब कुठल्याशा शिबिरात 'जबाबदार वापर' शिकून आलेत. यंत्रानं लिहिलेलं प्रत्येक पत्र एका माणसानं वाचायचं आणि सही करूनच पाठवायचं. तो माणूस मी. पूर्वी चार पत्रं लिहून दमायचो, आता चारशे वाचून दमतो. (याला उत्पादकता म्हणतात.) झोपेचं तर पार खोबरं झालंय. डोळे मिटले की समोर 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' उमटतं.

मागे एकदा अशाच पेंगेत एका पत्रावर न वाचता सही ठोकली. एका म्हाताऱ्या घड्याळजींची तक्रार होती, नव्या गादीवर झोप लागत नाही. यंत्रानं गोड शब्दांत कबूल करून टाकलं, की आमचे जबाबदार अधिकारी स्वतः येऊन गादीवर झोपून खात्री करतील. आजोबांनी लगेच शनिवारची दुपार कळवली. साहेब म्हणाले, "सही तुमची, झोपा तुम्ही! आणि हे निस्तरलं नाही, तर दुसरी नोकरी बघा."

गेलो बापडा. आजोबांनी धुतलेली चादर घातली, पडदे ओढले आणि शेजारी खुर्ची टाकून बसले. बायको गेल्यापासून घर फार गप्प झालंय, एवढंच बोलले. मी तपासणीपुरता आडवा झालो, तो थेट दिवेलागणीला उठलो. इतकी लाज वाटली गं! गादीत काय खोट आहे ते बघायचं राहूनच गेलं. आजोबा मात्र खुर्चीत मान टाकून गाढ झोपले होते. पाय न वाजवता निघून आलो.

तुझा,
धाकटा

ता. क. पत्राचं खरं कारण वेगळंच आहे. नोकरी गेली असं धरून चाल. महिनाभर तुझ्या मागच्या खोलीत झोपायला येऊ का? (हिला अजून काही बोललो नाही.)

आणखी एक. खोलीचं राहू दे. पाकीट चिकटवणार, तेवढ्यात आजोबांचं पत्र आलं. तक्रार मागे घेतलीय. घरात कुणी घोरत असलं की त्यांनाही झोप लागते म्हणे, तर दर शनिवारी जमेल का? यंत्रानं तत्काळ नम्र नकार लिहून माझ्याकडे सहीला पाठवला. या वेळी अक्षर न् अक्षर वाचलं. मग सगळं खोडून खाली माझ्या हातानं लिहिलं, 'येतो.'