फलकावरचं पहिलं नाव

मु. पो. वडवणी
ता. ९ एप्रिल २०१९

ती. त्रिंबकदादास,

वत्सलाचा नमस्कार. वहिनी, लेकरं बरी असतील. आमी तोडीहून येऊन पंधरा दिस झाले. टँकर दिसाआड येतो. म्हैस छावणीला बांधलीय. पण दुष्काळाचं गाऱ्हाणं सांगायला मी लिहीत न्हाई. तुझ्या हपिसातल्या शहादेवकडं तू निरोप दिलास, त्याचं हे उत्तर.

शुक्रवारी कारखान्याची साखर घेणारी परदेशातली माणसं तपासणीला येणार, मी चांगलं लुगडं नेसून यावं, काही त्रास न्हाई म्हणावं. मी इचारलं, मीच कावून? तवा शहादेवनं मोबाईलात फोटू दाखवला. गेटावर फलक, त्यावर कामगार समिती, पहिलं नाव माझं. ऊसतोड्यांची प्रतिनिधी. मला कुणी निवडलं रे दादा? आन खाली लिवलंय, या हंगामात एकही अपघात न्हाई.

मग तुझ्या दाजींची तीन बोटं कुठं गेली? तोडणीचं मशीन अडकलं, सुपरवायझर म्हणला, बबन, हात घालून ऊस ओढ. त्यांनी ओढला. नवराबायको मिळून एक कोयता धरतात, तुला काय सांगायचं. आता मुकादम म्हणतो, तुमचा अर्धाच कोयता राहिला, पुढच्या साली टोळीत घेत न्हाई.

कारखाना सहकारी होता तवा चेअरमन काय देव न्हवता. पण तो दिसायचा तरी. तू त्याची जीप अडवलीस तवा मी कडेवर पोर घेऊन तुझ्या मागं उभी होते. कोयता बंद म्हणजे बंद, असं तू म्हणायचास आन टोळ्या हलायच्या न्हाईत. तो कारखाना कंपनीनं घेतला आन तुला लेबर ऑफिसर केलं. साखर खाणारा साता समुद्रापार, मशीन भाड्याचं, आमी कंत्राटदाराचे. आता जीप अडवायची तर कुणाची? आन आमच्या वतीनं बोलणारी बाईसुदिक कंपनीनंच नेमायची. लाज वाटली न्हाई का तुला?

मलाबी वाटायला पाहिजे होती. संक्रांतीला तू आमच्या कोपीवर, त्या पाचटाच्या खोपटात आलास. तिळगूळ दिलास, खण दिलास, मग कागद काढलास. दवाखान्याचा हाय म्हणालास. मी सगळ्यांला सांगितलं, दादानं सही घेतली, मी वाचलं न्हाई. ते खोटं हाय. सातवी शिकलेय मी. पहिलीच ओळ वाचली होती, अपघात झाला न्हाई. तरी सही केली. तू भाऊ, आन टोळीतून काढतील ही भीती. हे रोज इचारायचे, त्रिंबकनं माझा भरपाईचा कागद लावला का गं. मी म्हणायचे, लावला. तीन महिने म्हणत होते.

काल त्यांना खरं सांगितलं. ते भिंतीकडं तोंड करून निजले. त्यापरीस दोन कानाखाली दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आज सकाळी टोळीला मारुतीपुढं बसवलं. फोटू दाखवला, माझी सहीबी सांगितली. कौशल्याबाई लई बोलली, बोलू दिलं. मग मी इचारलं, एवढं करून तुमच्या वतीनं मी बोलू का? कौशल्याबाईच म्हणाली, "बोल, पण आता खरं बोल." बावीस कोयते, बाया-गडी मिळून सगळ्यांनी हात वर केले. ह्यांनीबी केला, तोच हात.

तवा शुक्रवारी येते. चांगलं लुगडं न्हाई, तोडीचंच नेसते. हे संगं येतील, हात कापडात गुंडाळणार न्हाईत. तुझी नोकरी जाईल, मला ठाऊक हाय. वहिनीच्या पाया पडून माफी मागीन, तुझी न्हाई. फलक काढू नको. नाव बरोबर हाय.

खाली सही केलीय. ही वाचून केलीय.

वत्सला बबन
ऊसतोड कामगारांची प्रतिनिधी