बेचाळीस पॅराशूट

४ सप्टेंबर

चि. धाकट्यास अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझी लेक दोन दात पडूनही बडबड कमी करत नाही, हे वाचून तुझे भावोजी खूप हसले. आत्यावर गेली म्हणे! मंत्र्यांच्या कार्यालयात बसून तुझं पोट मात्र सुटलंय, असं तिनेच पत्राच्या कोपऱ्यात लिहून कळवलंय.

आता कामाचं. सैन्याच्या पॅराशूटची तपासणी करून घड्या घालण्यात माझी सव्वीस वर्षं गेली, पण असं कधी झालं नव्हतं. आमच्याकडच्या बेचाळीस पॅराशूटचं आयुष्य संपलंय. नव्यांचा निधी कधीच मंजूर झाला होता. आता वरून कागद आलाय की नवी येणार नाहीत, जुन्यांचीच मुदत तीन वर्षं वाढवून मी सही करावी. निवडणुकीआधी तुमच्या साहेबांनी तो शौर्य सोहळा केला ना, त्यात हा निधी गेला असं सगळे बोलतात. साहेबांचा फोटो तीन मजली आणि शिपायाचा टपाल तिकिटाएवढा! तू तिथंच बसतोस. खरं काय ते लिही.

तुझी ताई

११ सप्टेंबर

ती. ताईस शि. सा. नमस्कार.

निधी दुसऱ्या कामाकडे वळवला हे खरं, पण कागदोपत्री सगळं रीतसर आहे. ती तपासनीस तुमचीच बहीण ना, असं साहेबांनी मला परवा विचारलं. हसत विचारलं, म्हणून जास्त भीती वाटली.

ताई, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? भावोजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन तोंडावर आहे, तुझ्या निवृत्तीला दोन वर्षं उरलीत. तीन वर्षांत कापडाला काय होतंय? सही कर आणि मोकळी हो. रागावू नकोस, काळजीपोटी लिहितोय.

तुझा धाकटा

१९ सप्टेंबर

चि. धाकट्यास आशीर्वाद.

रागावले, आणि चांगलीच रागावले. कापडाला काय होतं ते ऐक. एक पॅराशूट टेबलावर पसरून दोन्ही अंगठ्यांनी ताणलं, तर जुन्या चादरीसारखं टरकन फाटलं. पुढच्या सोमवारी नवी तुकडी तीच पाठीला बांधून उडी मारणार होती. बहुतेक पोरं विशीतली आहेत.

आमच्याकडे जुना नियम आहे. घडी घालणाऱ्याने कार्डावर सही करायची, आणि उडी मारणाऱ्याने म्हटलं तर त्याच पॅराशूटने आपणही उडी मारायची. मी चारदा मारलीय, शेवटची एकोणपन्नासाव्या वर्षी. मी मुख्याधिकाऱ्यांना म्हटलं, सही करते, पण मुदत वाढवणाऱ्यांनीही माझ्यासोबत विमानात बसावं. त्यांना लगेच बैठक आठवली.

मग मी माझा अधिकार वापरला. बेचाळीसही बाद केली. बाद झालेल्याच्या दोऱ्या त्याच दिवशी कापायच्या असतात, म्हणजे चुकूनही कुणी ते वापरत नाही. सकाळी कात्री हातात घेतली ती दुपार टळल्यावर खाली ठेवली. बोटं अजून वळत नाहीत. सोमवारची उडी रद्द झाली आणि मी निलंबित.

तीस तारखेला चौकशी आहे. सरकारी मालमत्तेची नासधूस केली, असा आरोप आहे. निधी कुणाच्या सांगण्यावरून वळला हे मी बोलणार म्हटलं, तर पुरावा मागतात. माझ्याकडे तो नाही. मला भीती वाटते रे, पण गप्प बसणार नाही. तू यात पडू नकोस, तुला पोर आहे.

तुझी ताई

२५ सप्टेंबर

ती. ताईस शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र तीनदा वाचलं. आधीच्या पत्रात मी तुझ्यापासून एक गोष्ट लपवली. निधी वळवायचं साहेबांनी तोंडी सांगितलं, पण फाइलवरची टिप्पणी मी लिहिली. ही खरेदी तातडीची नाही, हे वाक्य माझं आहे. पॅराशूट कधी हातात न घेता लिहिलं. लाज वाटते.

त्या टिप्पणीची प्रत सोबत पाठवतोय. खाली सही माझीच आहे, ती झाकू नकोस. बायकोला सगळं सांगितलं. तिने कपाटावरची बॅग काढली. मग तिने विचारलं, गाडी कितीची आहे.

एकोणतीसला संध्याकाळी पोचतो. भावोजींना सांग, जेवायला आहे. मला रागाव, हवं तेवढं बोल, पण परकं करू नकोस. आणि चौकशीवाल्यांना कळवून ठेव, तुझ्याआधी मला आत बोलवा म्हणावं.

तुझा धाकटा