अण्णांचा मुतखडा आणि माझं पार्लर

७ मे १९९६
अण्णांच्या लघवीतून रक्त! धोतर भिजवायला घेतलं तेव्हा डाग दिसला. सासरेबुवा आठ दिवस गप्प! विचारलं तर म्हणे, "उन्हाळी लागलीय गं, धने-जिऱ्याचं पाणी दे." सुधन्वा टूरवर. घरात काही झालं की हा नवरा टूरवर असायचाच!

९ मे
सोनोग्राफी झाली. मूत्राशयात मुतखडा – लिंबाएवढा. प्रोस्टेटही वाढलंय. डॉक्टर म्हणाले, "बाबूजी, पानी कम पीते हो? पेशाब रोककर रखते हो?" अण्णा छताकडे बघत "नहीं, नहीं."
धडधडीत खोटं! उशाशी तांब्या ठेवते, तो तसाच भरलेला. वाईहून इथे दिल्लीला आल्यापासून हेच चाललंय.

१० मे
शेजारच्या पद्मजाताईंनी कुळथाचं कढण सांगितलं. केलं. अण्णांनी दोन घोट घेतले आणि टोपी घालून निघाले पार्कात. भर दुपारी, या उन्हात! हॉलमधल्या माझ्या पार्लरात मिसेस चावलांचं फेशियल अर्धं झालेलं, त्यामुळे मला ओरडताही येईना.

१४ मे
लघवी अडली. अण्णा अक्षरशः लोळत होते. हॉस्पिटलात नळी घातली. उद्या दुर्बिणीतून खडा फोडणार.
सुधन्वा आला. कॉरिडॉरमध्ये म्हणाला, "रेवती, अण्णा पार्कात का जातात, कळलं नाही तुला? संडासाचं दार हॉलमध्ये. हॉलमध्ये तुझ्या बायका. त्यांच्यासमोरून कसे जाणार ते?"
मग आधी तोंड शिवलं होतं का तुझं?
मला आधी रागच आला. मयूर विहारच्या या दोन खोल्यांत एवढं उभं केलंय मी. हेअरड्रायरसुद्धा माझ्या कमाईचा. मग अण्णांचं कण्हणं आठवलं आणि तिथेच बाकावर रडले.

१५ मे
खडा निघाला! डॉक्टरांनी बजावलं – भरपूर पाणी आणि दर दोन तासांनी लघवीला जायचंच. नाहीतर पुन्हा होणार.

२० मे
अण्णा घरी. पार्लरचा बोर्ड उतरवला. मिसेस चावला म्हणाल्या, "अरे, सीझन में?" हो, सीझनमध्येच! फार जिवावर आलं.

२१ मे
अण्णा सकाळपासून तांब्याभर पाणी प्यायले. बारा वाजले तरी खुर्चीत चुळबुळत बसलेले, उठायचं नाव नाही.
"अण्णा, जाऊन या ना. आज एकसुद्धा बाई नाही घरात."
मान खाली घालून म्हणाले, "तू आहेस ना, सूनबाई."
चप्पल घातली आणि जिन्यात जाऊन उभी राहिले.